फाळक्यांचे अण्णा साळुंके : १९१३ मध्ये बायका मिळाल्या, मग १९१७ मध्ये सीता पुन्हा पुरुषच का?

मूकपट_वेडा
मंडळी, एक प्रश्न कधीचा डोक्यात घोळतोय, इथे नाशिककर पण आहेत आणि सिनेमावाले पण आहेत म्हणून टाकतो. अण्णा साळुंके हे नाव काढलं की सगळ्यांचं वाक्य ठरलेलं, आपल्या सिनेमाची पहिली हिरॉईन बाप्या होती, मग जरा हसायचं, मग फाळक्यांना बाई कशी मिळाली नाही ती गोष्ट, आणि विषय संपला. माणूस तिथेच सोडून द्यायचा.

पण तारखा बघा ना जरा. राजा हरिश्चंद्र ३ मे १९१३ ला गिरगावात कोरोनेशनला लागला, त्यात तारामती अण्णा. ठीक आहे, कोणी बाई तयार नव्हती, मान्य. त्याच वर्षी दादासाहेब बिऱ्हाड आणि कॅमेरा घेऊन आपल्या नाशिकला आले आणि मोहिनी भस्मासुर केला, त्यात दुर्गाबाई कामत पार्वती आणि त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी. म्हणजे बायका मिळाल्या की! तरी चार वर्षांनी लंकादहन आला तेव्हा सीता कोण, तर परत अण्णाच. आणि राम पण तेच.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला बरं. मला वाटतं फाळक्यांना नट-नटी असं काही नकोच होतं, त्यांना कारखान्यातल्यासारखा पगारी माणूस पाहिजे होता, सांगेल ते करणारा. अण्णा पुढे कॅमेऱ्यामागे गेले आणि १९३१ पर्यंत मूकपटांवर काम करत राहिले, हे कोणी सांगतच नाही. तुम्हाला काय वाटतं?

चिवडाप्रेमी
राम पण तोच, सीता पण तोच. स्वयंवरात हार कोणी कोणाला घातला असेल? खिक्.

केतकी_ग
@चिवडाप्रेमी, त्यातच तर गंमत आहे. लंकादहनची गोष्ट आठवा, सीता अशोकवनात आणि राम इकडे रानात. बहुतेक वेळ दोघं वेगळीच. फ्रेममध्ये दोघं एकदम आणायची वेळ फारशी येणारच नाही, आणि आणायचीच म्हटली तर फाळक्यांना डबल एक्स्पोजर, म्हणजे एकाच फिल्मवर दोनदा चित्रण, काही नवीन नव्हतं, त्यांना असल्या करामती करायला आवडायचंच. डबल रोलसाठी रामायणातला हाच भाग निवडणं म्हणजे डोकं आहे.

धागाकर्त्याच्या मुद्द्यावर, अण्णा मुळात ग्रँट रोडच्या एका हॉटेलात कामाला होते, कुठे आचारी म्हणतात कुठे वेटर. महिना दहा रुपये पगार. फाळके तिथे चहाला बसलेले, नाजूक अंगकाठी आणि हात बघून त्यांना तारामती सापडली. पंधरा देतो म्हणाले, आले. बस्स, एवढीच ऑडिशन. कलाकार व्हायचंय, घर सोडून पळून आलो, असला काही मामला नाही. पाच रुपये वाढले म्हणून नोकरी बदलली.

सातपूरचा_संजय
दहाचे पंधरा म्हणजे ५० टक्के हाईक. आमच्या कंपनीत सात टक्क्यांवर पेढे वाटतात. अण्णांचा निर्णय शंभर टक्के बरोबर.

पंचवटीकर
मिश्यांचा किस्सा राहिला की. बायकांची कामं करणाऱ्या पोरांना फाळके मिश्या काढा म्हणाले तर कोणी तयार होईना, कारण मिशी काढायची ती बाप वारल्यावर. मग एकेकाच्या मागे लागून समजावलं. आणि आजूबाजूच्या लोकांना काय सांगायचं, तर आम्ही हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत. नाटक-सिनेमात आहे म्हटलं तर सोयरीक जुळायची नाही, फॅक्टरी म्हटलं की इज्जत. २००९ च्या परेश मोकाशींच्या पिक्चरचं नाव त्यातूनच आलंय.

निनाद_सिडको
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पण मूळ मुद्द्याआधी एक, राजा हरिश्चंद्र पहिला हेच मला मान्य नाही. दादासाहेब तोरण्यांचा पुंडलिक १८ मे १९१२ ला लागला, त्याच कोरोनेशनला. जवळजवळ वर्षभर आधी. मग पहिली हिरॉईन पहिला हिरो हे सगळं पुंडलिकपासून मोजायला पाहिजे ना?

केतकी_ग
@निनाद, हा वाद निघणार हे माहीत होतंच, बरं झालं लवकर निघाला. पुंडलिक म्हणजे रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रण, कॅमेरा एका जागी ठेवून. कॅमेरामन इंग्रज, आणि निगेटिव्ह धुवायला लंडनला गेली. तोरण्यांचं श्रेय मोठंच आहे, त्याला कोणी हात लावत नाहीये. पण फाळक्यांनी सगळं घरात केलं. कच्ची फिल्म यायची तिला कडेची भोकंसुद्धा नसायची, ती सरस्वतीबाई अंधाऱ्या खोलीत बसून पाडायच्या. नंतर तीच फिल्म धुवायच्या, आणि दिवसभर सगळ्या युनिटचा स्वयंपाक. मला विचाराल तर अण्णांच्याही आधी या बाईंवर धागा निघायला हवा.

निनाद_सिडको
धुतलं कुठे यावरून पहिलेपण ठरवायचं तर अवघड आहे. नंतर कितीतरी वर्षं लोक प्रिंट बाहेर पाठवत होतेच. चालू द्या, माझं मत नोंदवून ठेवतो.

रिळवाला_काका
मी प्रोजेक्टरवर काम केलेला माणूस आहे, मशीनचा दिवा कार्बनचा होता तेव्हापासून. नाटक-बिटक मला समजत नाही पण एक गोष्ट सांगतो, ती या धाग्यात कामाला येईल. अण्णा कॅमेरामन झाले म्हणजे नेमकं काय झाले हे आजच्या पोरांना कळत नाही म्हणून सांगतो.

त्या वेळचा कॅमेरा हाताने फिरवायचा. फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून आणला तो विल्यम्सन. हँडलच्या एका फेऱ्यात आठ चित्रं, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा चित्रं. आता दोन फेरे म्हणजे दोनच, समोर नट रडतोय की घोडा पळतोय की लंका जळतेय, तुमचा हात तसाच फिरला पाहिजे. हात घाईत आला तर पडद्यावर सगळे संथ दिसणार आणि हात मंदावला तर सगळे टणाटणा उड्या मारणार. मोटर नाही, मीटर नाही. तोंडाने काहीतरी गुणगुणत ताल धरायचे लोक.

आणि ३५ एमएमच्या एका फुटात चित्रं बसतात सोळा. म्हणजे सोळाच्या वेगाने एक फूट बरोबर एक सेकंद. राजा हरिश्चंद्र ३७०० फूट होता, म्हणजे ३७०० सेकंद, जवळजवळ ६२ मिनिटं. आता कुठेही वाचा, पिक्चर ४० मिनिटांचा असं लिहिलेलं सापडेल. ती ४० कुठून आली? तेच ३७०० फूट २४ च्या वेगाने चालवले की ४१ मिनिटं होतात! बोलपट आल्यावर मशीन २४ वर पक्की झाली, मग जुनी रिळं त्याच्यावर चढवली की माणसं पळतच सुटणार. मूकपटातले लोक विनोदी चालायचे असं नाही हो, आपण त्यांना चुकीच्या वेगाने बघतोय.

मूकपट_वेडा
काका दंडवत. हे एवढं सोपं करून कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे अण्णांचा अभिनय भडक वाटतो त्यातला निम्मा भडकपणा मशीनचा आहे तर.

रिळवाला_काका
निम्मा नाही, पण बराच. आणि फिल्म कुठली हेही बघा. तेव्हाच्या फिल्मला लाल रंग दिसतच नाही. कुंकू काळं येतं, ओठ लाल केले तर काळे येतात, गोरा माणूसही काळवंडतो, आणि निळं आभाळ पांढरं फटक. म्हणून तोंडाला एवढी पावडर थापायचे. दिवे नाहीत, सगळं उन्हात. नाशिकचं ऊन चैत्रात उभं राहून बघा, अंगावर शालू, डोक्याला गंगावन आणि तोंडाला पावडरीचा थर. हिरॉईनगिरी म्हणे.

सुलभाताई
वाचतेय, छान चाललाय धागा. पण मूळ लेखकाशी मी सहमत नाही.

तुम्ही आजच्या डोळ्यांनी विचारताय की बाई मिळत असताना पुरुष का घेतला. १९१७ च्या प्रेक्षकाला हा प्रश्न पडलाच नसता. त्याला स्त्रीपार्टी, म्हणजे बायकांची कामं करणारे पुरुष, बघायची सवय होती, सवय काय, आवड होती! गंधर्व नाटक मंडळी १९१३ सालीच निघाली, ज्या वर्षी अण्णा तारामती झाले त्याच वर्षी. बालगंधर्वांचं पातळ कसं, अंबाडा कसा, हे बघून घरंदाज बायका तशी फॅशन करायच्या. बाई कशी दिसते, कशी लाजते हे पुरुषाकडून शिकणारा समाज होता तो. तिथे सीतेचं काम पुरुषाने केलं यात कमतरता कोणालाच दिसत नव्हती. उलट स्टेजवर खरी बाई आली की लोक नाकं मुरडायचे. दुर्गाबाई-कमलाबाईंना काय कमी ऐकावं लागलं असेल?

तेव्हा फाळक्यांनी अण्णांना परत घेतलं यात काटकसर असेलही, पण लोकांना चालत होतं हे मुख्य. चाललं नसतं तर एका काटकसरीपायी सीतेसारखी भूमिका कोणी पणाला लावत नाही.

अभि_कॉलेजरोड
सुलभाताई +१. पण एक फरक आहे ना, बालगंधर्वांकडे गळा होता. मूकपटात गाणं नाही, बोलणं नाही. नुसता चेहरा आणि अंग. आणि कॅमेरा जवळ. राजा हरिश्चंद्रचा जो तुकडा शिल्लक आहे तो यूट्यूबवर आहे, त्यात हौदातला सीन बघा, तारामती आणि सगळ्या दासी पाण्यात, सगळ्यांच्या साड्या ओल्याचिंब, आणि सगळे पुरुष. तिथे काही झाकत नाही हो. दंड बघितले की लगेच कळतं. तरी लोक बघत होते म्हणजे त्यांना फसायचंच होतं.

सुलभाताई
@अभि, फसायचं नव्हतं, मानायचं होतं. दशावतारात, रामलीलेत काय असतं? मिशी फुटलेला पोरगा सीता म्हणून उभा राहतो आणि आपण पाया पडतो. लंकादहनला राम पडद्यावर आला की लोक चपला काढून हात जोडायचे असं सगळीकडे लिहिलेलं आहे. त्याच लोकांनी तोच माणूस पुढच्या सीनला लुगड्यात बघितला. त्यांना काही अडलं नाही. अडतंय ते आपल्याला.

चिवडाप्रेमी
चपला काढायचे म्हणजे थेटरबाहेर धंदा कोणाचा झाला असेल ते कळतंय.

पंचवटीकर
चपलांचं माहीत नाही, नाण्यांचा झाला. लंकादहनला गल्ल्यातली चिल्लर पोत्यात भरून बैलगाडीतून न्यायचे अशी आख्यायिका आहे.

कोल्हापुरी_तडका
नाशिककरांनो, राग नको, पण बाईचा प्रश्न खरा सोडवला तो आमच्या कोल्हापुरानं. बाबूराव पेंटरांनी १९२० ला सैरंध्री केला त्यात दोन बायका होत्या, गुलाबबाई आणि अनुसयाबाई. लोकमान्यांनी बघितला आणि सिनेमा केसरी पदवी दिली. तुमच्याकडं तोवर बाप्येच लाजत हुते. आणि कॅमेरा म्हणाल तर विलायतेहून आणला न्हाई, पेंटरांनी स्वतः बनवला.

पंचवटीकर
आला बघा तांबडा-पांढरा. अहो, १९१३ ला कमलाबाई नाशिकच्याच पिक्चरमध्ये होत्या, सैरंध्रीच्या सात वर्षं आधी. धागा वर जाऊन वाचा.

कोल्हापुरी_तडका
हुत्या, आणि मग गेल्या कुठं? सोडवणं म्हणजे एकदा करून सोडून देणं न्हाई. धागाकर्त्याचा प्रश्न पण त्योच हाय की.

मूकपट_वेडा
खरं आहे, प्रश्न तोच आहे. भांडा, पण प्रश्न धरून भांडा.

नाना_त्र्यंबक
आमच्या त्र्यंबकचे फाळके म्हणून मला दोन शब्द बोलू द्या, ३० एप्रिल १८७० चा जन्म, त्र्यंबकेश्वरला. बाकी सगळं मुंबई-बडोदा-गोध्रा करून माणूस शेवटी नाशिकलाच आला आणि १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकलाच गेला.

कमलाबाई गेल्या कुठे याचं उत्तर सरळ आहे. त्या मायलेकी मूळच्या नाटकाच्या, चित्तकर्षक नाटक कंपनीतल्या. नाटकवाल्यांचं घर म्हणजे कंपनी, आज इथे उद्या तिथे. पिक्चर झाला, त्या परत रंगभूमीवर. पुढे कमलाबाई गोखले झाल्या. चंद्रकांत गोखले त्यांचे चिरंजीव, विक्रम गोखले नातू. म्हणजे घराणं उभं केलं, पण ते नाटकातून. फाळक्यांकडे महिन्याच्या महिन्याला पगारावर राहायला एक बाई तयार व्हायला हवी होती, आणि १९१३ ते १७ या काळात फाळक्यांचेच पगाराचे वांधे होते.

१९१४ ला ते आपले चित्रपट घेऊन लंडनला गेले, तिकडे कौतुक झालं, तिथेच राहून काम करा म्हणून बोलावणंही आलं म्हणतात. परत येतात तो महायुद्ध. इकडे भांडवल घालणारे हात आखडून बसले, कच्ची फिल्म महाग, मिळेल तेव्हा मिळेल. त्या तीन वर्षांत त्यांचं काम जवळपास ठप्पच होतं. १९१७ ला लंकादहन निघाला तो या परिस्थितीतून. तेव्हा दोन मुख्य पात्रं एकाच पगारी माणसाकडून करून घेतली तर नवल काय? कपडेपट वेगळा, माणूस एक. मूकपट_वेडा यांचं कारखान्याचं म्हणणं मला पटतं ते इथे.

सातपूरचा_संजय
मल्टिस्किलिंग. आमचे एचआरवाले याच्यावर ट्रेनिंग घेतात. एकाच माणसाकडून दोन मशीन चालवून घ्यायची आणि सर्टिफिकेट द्यायचं.

रिळवाला_काका
हसू नका, तेव्हा तसंच होतं. आमच्या थेटरात पण डोअरकीपर पोस्टर लावायचा आणि गडबडीत रिळं पण गुंडाळायचा.

अभि_कॉलेजरोड
पण नाना, पुढे पैसा आला, तरीही बायकांचं काय? १ जानेवारी १९१८ ला हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली नाशिकला, भागीदार वामनराव आपटे, मायाशंकर भट वगैरे. मग १९१९ ला कालिया मर्दन, त्यात कृष्ण कोण, तर फाळक्यांची स्वतःची मुलगी मंदाकिनी! म्हणजे इकडे बाप्या सीता आणि तिकडे मुलगी कृष्ण. घरचा मुलगा भालचंद्र आधी रोहिदास झालाच होता. मला वाटतं फाळक्यांना फक्त घरचं आणि हाताखालचं माणूस चालायचं, बाहेरचं कोणी नकोच असायचं, मग तो नट असो की भागीदार.

केतकी_ग
अभि, हे भारी निरीक्षण आहे. कालिया मर्दन सुरू होतो तोच मंदाकिनीच्या चेहऱ्यावर. गोष्ट सुरू व्हायच्या आधी सात वर्षांची मुलगी कॅमेऱ्यासमोर राग, हसू, भीती असे एकेक भाव करून दाखवते आणि मग तिथल्या तिथे कृष्णाच्या वेषात विरघळून जाते. फाळके जणू आधीच सांगून टाकतात, ही माझी मुलगी आहे बरं का, आता तिला कृष्ण म्हणून बघा. सुलभाताई म्हणाल्या ते मानणं हेच. आणि पोरीचा अभिनय आजही बघवतो, एक क्षण खोटी वाटत नाही.

भागीदारांचं म्हणाल तर तेही खरं. वर्ष-दोन वर्षांत खटके उडाले, दादासाहेब कंपनी सोडून काशीला जाऊन बसले आणि तिथे रंगभूमी नावाचं नाटक लिहिलं. १९२२ ला परत आले. ते नसताना कंपनी नाशिकला चालूच होती, म्हणजे आपल्या गावात सिनेमा तयार व्हायचा आणि फाळके गावात नसायचे असाही एक काळ होता.

प्रश्नचिन्ह
बरोबर चाललंय पण कोणी सांगेल का की नाशिकला कंपनी नक्की कुठे होती? पांडवलेणीखाली फाळके स्मारक आहे तीच जागा का?

नाना_त्र्यंबक
नाही हो. स्मारक अलीकडचं, मनपाचं, बागबिग केलेली. पिक्चर तिथे होत नव्हते. गोळे कॉलनीत हिंद सिने जनकाश्रम म्हणून त्यांचं उतारवयातलं घर होतं. १९३९ साली मुंबईत चित्रपट धंद्याचा रौप्यमहोत्सव झाला तेव्हा व्ही. शांतारामांनी पुढाकार घेऊन त्यांच्यासाठी थैली जमवली. म्हणजे बघा, सगळा धंदा ज्याने सुरू केला त्याला शेवटी वर्गणीवर घर. आणि १९६९ पासून त्यांच्या नावाने पुरस्कार, पहिला देविका राणींना. असो, विषय अण्णांचा आहे.

कोल्हापुरी_तडका
शांताराम कोल्हापूरचे, पेंटरांच्या हाताखाली तयार झाल्याले. नोंद असावी.

पंचवटीकर
नोंद केली. थैलीची पावती पण देऊ का?

निनाद_सिडको
मला यातलं एक खटकतंय. सगळे म्हणताय पगारी माणूस, कारखाना, सांगेल ते काम. मग अण्णा कॅमेऱ्यामागे गेले ते फाळक्यांनी सांगितलं म्हणून, की त्यांना स्वतःला जायचं होतं म्हणून? एक माणूस हॉटेलात होता, मग लुगडं नेसला, मग राम झाला, लोकांनी त्याच्यापुढे हात जोडले, आणि मग तो जाऊन हँडल फिरवायला लागतो. आजच्या भाषेत सुपरस्टारने करियर सोडून टेक्निशियन होणं आहे हे. याला काटकसर म्हणणं मला अन्याय वाटतो.

केतकी_ग
निनाद, पहिल्यांदाच तुझ्याशी सहमत होतेय, स्क्रीनशॉट काढून ठेव.

वय पण बघा. १९१३ ला पोरगेला, नाजूक, म्हणून तारामती शोभली. स्त्रीपार्टीचं करियर लहानच असतं, दाढी राठ व्हायला लागली, आवाज फुटला, अंग भरलं की संपलं. नाटकात गळ्यावर ते लांबवता येतं. मूकपटात गळ्याचा उपयोगच नाही, असतो तो नुसता चेहरा, आणि तो काही दरवर्षी तसाच राहत नाही. दुसरीकडे १९२० च्या दशकात मुंबईत सुलोचना म्हणजे रुबी मायर्स वगैरे खऱ्या नट्या आल्या, फातमा बेगमने तर १९२६ ला स्वतः दिग्दर्शन केलं. बाकीच्या लुगडंवाल्या नटांचं नावसुद्धा राहिलं नाही. या माणसाने वेळेत काम बदललं.

रिळवाला_काका
मी सांगतो का बदललं ते. अर्थात हा माझा अंदाज, पण ज्याने मशीन चालवलंय त्याचा अंदाज आहे.

नट सेटवर दिवसभर बसून असतो. ऊन यायची वाट बघत. त्या वेळात त्याला दोनच गोष्टी दिसतात, कॅमेरा आणि तो फिरवणारा माणूस. राजा हरिश्चंद्रला त्र्यंबक तेलंग कॅमेऱ्यावर होते, फाळक्यांनी त्यांना शिकवून तयार केलेलं. अण्णांनी ते बघितलं असणार की, शिकवलेला माणूस हे करू शकतो. आणि दुसरं, जो स्वतः समोर उभा राहिलाय त्याला माहीत असतं कुठे सरकलं की चेहऱ्यावर सावली पडते, कुठे कुंकू काळं दिसतं. सीता आणि राम दोन्ही एकाच माणसाने करायचे तर तुम्हाला समजलंच पाहिजे की आत्ता मी फ्रेमच्या कुठल्या बाजूला उभा आहे, मघाशी कुठे होतो, नजर कोणीकडे होती. नाहीतर जोडल्यावर दोघं एकमेकांकडे पाठ करून बोलताना दिसतील. लंकादहन म्हणजे अण्णांचा कॅमेऱ्याचा कोर्स होता, असं माझं मत.

मूकपट_वेडा
काका, मी प्रश्न विचारताना हे डोक्यातच नव्हतं. मी दोन वेगळ्या गोष्टी धरून चाललो होतो, आधी नट, मग कॅमेरामन. तुम्ही म्हणता त्यात एकातून दुसरं निघतं. कारखान्याचा मुद्दा मी सोडत नाही, पण कारखान्यात हेच होतं ना, हेल्पर म्हणून आलेला माणूस मशीनजवळ उभा राहून राहून मशीन शिकतो.

सुलभाताई
तरी माझा मुद्दा जागेवरच आहे हं. लोकांना चाललं नसतं तर लंकादहन झालाच नसता. मग कसला कोर्स?

मूकपट_वेडा
मान्य. नाना म्हणतात पैसा, तुम्ही म्हणता प्रेक्षक, काका म्हणतात कॅमेरा. मला आता वाटतंय की कमलाबाई थांबल्या नाहीत एवढं एकच खरं कारण, बाकी सगळं त्यामुळे जमून आलं.

अभि_कॉलेजरोड
लंकादहन पूर्ण बघायला कुठे मिळेल? तूनळीवर तुकडे दिसतात फक्त.

केतकी_ग
तुकडेच आहेत. आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट झाले, त्यातले तीसही धड शिल्लक नाहीत. नायट्रेटची फिल्म, पेट घेणारी, दमट हवेत चिकट होऊन विरघळणारी. शिवाय चांदी काढायला रिळं विकली गेली ती वेगळीच. जे आहे ते पुण्याच्या फिल्म अर्काइव्हमुळे, ते निघालं १९६४ ला, म्हणजे फाळके जाऊन वीस वर्षं झाल्यावर. कालिया मर्दन मात्र बऱ्यापैकी पूर्ण बघता येतो.

रिळवाला_काका
अण्णांनी फिरवलेली रिळं एखाद्याच्या माळ्यावर निघाली तर उघडू नका, आधी आगपेटी लांब ठेवा आणि पुण्याला कळवा. हे गमतीने नाही सांगत.

पंचवटीकर
चला मग, कालिया मर्दन एकत्र बघायचा का? माझ्याकडे गच्ची आहे, प्रोजेक्टर भाड्याने मिळतो, पांढरी चादर घरचीच. काका, १६ च्या वेगाने चालवता येईल ना लॅपटॉपवरून?

रिळवाला_काका
स्पीड कमी करायचं बटन असतं ना त्यात, दोन तृतीयांशावर आणा की झालं. फाईल कुठल्या वेगावरून काढलीय ते आधी मला दाखवा, काहींनी आधीच कमी केलेला असतो, मग माणसं चिखलातून चालल्यासारखी दिसतील.

सुलभाताई
नुसता मुका बघायचा नाही हं. त्या वेळी थेटरात पेटी-तबला असायचा, पडद्यावरच्या मजकुराच्या पाट्या वाचून दाखवणारा असायचा. पेटी मी घेऊन येते. तबला?

सातपूरचा_संजय
सोसायटीच्या भजनात मी वाजवतो. सेकंड शिफ्ट नसेल त्या दिवशी ठेवा.

कोल्हापुरी_तडका
पाट्या वाचायला मी येतो कोल्हापुरातनं, आवाज मोठा हाय. पण नंतर मिसळ कुठली खायची ते आधीच ठरवा, नंतर भांडण नको.

चिवडाप्रेमी
मिसळीवर वेगळा धागा काढा, हा संपायचा नाही.